दारू सोडायचीय? गोव्यात पहिली मीटिंग गाठायची कशी

मीटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची बैठक. ती शोधण्याआधी एक गोष्ट तपासा. सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतात आणि पोटात एक पेग गेल्यावरच थांबतात, अशी स्थिती असेल तर घरच्या घरी एकदम दारू तोडू नका. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत घाम, थरथर, उलट्या सुरू होतात. फिट आली तर बहुधा पहिल्या 48 तासांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास होऊ लागतात, माणूस बरळतो, ताप चढतो. हे जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी डॉक्टर, मग मीटिंग. बांबोळीच्या मनोविकार इस्पितळात, म्हणजे आयपीएचबीच्या ओपीडीत जा, किंवा जवळच्या सरकारी इस्पितळात दाखवा. फिट आली, भास होऊ लागले तर वाट बघू नका, 108 लावा.

आता मीटिंग. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे आपली ‘एए’, 1935 साली अमेरिकेत सुरू झाली आणि 1957 मध्ये भारतात आली. सभासद व्हायला एकच अट आहे: दारू सोडायची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही. पत्ता मिळवायला एए इंडियाच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर गोव्यातले ग्रुप विचारा. ते जमलं नाही तर इस्पितळाच्या ओपीडीतल्या समाजसेवकांना विचारा, कुठे काय चालतं ते त्यांना ठाऊक असतं. 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मन फार खचलं असेल तर 14416 वर टेली-मानस आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या वेळापत्रकावर विसंबू नका. हॉल बदलतो, वार बदलतो, पावसाळ्यात वेळ सरकते. जायच्या दिवशी दुपारी फोन करून विचारा: मीटिंग आज नक्की आहे ना? कोणत्या भाषेत? ‘ओपन’ की ‘क्लोज्ड’? (ओपनला घरचं माणूस सोबत चालतं; क्लोज्ड फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी.) आणि आत जायचं दार कुठलं? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण पुढचं फाटक बंद दिसलं म्हणून तिथूनच माघारी फिरणारे बरेच असतात, आणि मीटिंग मागच्या खोलीत चालू असते.

गोव्यात दोन अडचणी हमखास येतात. पहिली म्हणजे हॉल बऱ्याचदा चर्चचा किंवा शाळेचा असतो. डिचोली-फोंड्याकडची हिंदू मंडळी ‘हा त्यांचा कार्यक्रम’ म्हणून बिचकतात. हॉल फक्त जागेपुरता असतो. मीटिंगमध्ये देवाचा उल्लेख येतो, पण तुमचा देव कुठला ते कुणी विचारत नाही. कोकणी-इंग्रजीत चाललेल्या मीटिंगमध्ये मराठीत बोललात तरी अडत नाही.

दुसरी अडचण ओळखीची. गाव एवढंसं, स्कूटर कुणाची ते लांबूनच कळतं. मग शेजारच्या तालुक्यातली मीटिंग धरा, म्हापशाच्या माणसाने पणजी गाठावी. पण परतीची बस आधी बघा. मीटिंग तासा-दीड तासाची असते, संध्याकाळची असेल तर संपेपर्यंत गावाकडच्या बसेस विरळ होतात. स्टँडवर ताटकळत उभं राहायचं आणि समोर बार, ही जोडी पहिल्या आठवड्यात तरी टाळा. येताना पायलट (मोटरसायकल टॅक्सी) ठरवा किंवा ग्रुपमधल्या कुणाची लिफ्ट मागा. निःसंकोच मागा, ते रोजचंच आहे.

दहा मिनिटं आधी पोचा. पिऊन जाऊ नका. गेलातच तर गप्प बसून ऐका. आत काही प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये टेबल, त्यावर पुस्तकं असं दृश्य असतं. सुरुवातीला वाचन, मग एकेक जण स्वतःचं सांगतो. कुणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली की फक्त पहिलं नाव सांगा. ‘आज ऐकायला आलोय’ एवढं पुरे. पेटी फिरते तेव्हा नवख्याने काही टाकलंच पाहिजे असं नाही. शेवटी प्रार्थना, मग चहा.

चहाला थांबा. आमच्या मते मीटिंगचा खरा फायदा इथेच होतो. दाराजवळ बसून प्रार्थना संपताच सटकणारा माणूस सहसा फार दिवस टिकत नाही, कारण त्याच्याकडे कुणाचाच नंबर नसतो. तीन-चार नंबर घ्या आणि तल्लफ येण्याआधी, दुसऱ्याच दिवशी, त्यातला एक लावा. स्पॉन्सरची, म्हणजे वाट दाखवणाऱ्या जुन्या मेंबरची, घाई नको. निदान वर्षभर न प्यालेला, पुरुषासाठी पुरुष आणि बाईसाठी बाई, असा बघा.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. पहिले तीन महिने शक्य तितक्या मीटिंगा करा, वेगवेगळ्या ग्रुपमध्ये जा. गोळ्यांबाबत मात्र ऐका ते डॉक्टरांचंच. ‘गोळ्या कशाला, मीटिंग पुरे’ असं एखादा मेंबर म्हणेल, ते कानाआड करा.

मार्च-एप्रिलमध्ये उर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, येतो. लिमका, मीठ, चिरलेली मिरची घातलेला ग्लास समोर येतो आणि ‘हे काय दारू नव्हे’ असं ऐकवलं जातं. फेणीपेक्षा सौम्य असला तरी तो मद्यच. चवथ, शिगमो, लग्नं याही दिवशी मीटिंग कुठे आहे ते आधी काढून ठेवा आणि जेवण होताच निघा. एखादे वेळी पाय घसरलाच तर पुढच्याच मीटिंगला जा आणि तिथे सांगून टाका. न प्यालेल्या दिवसांचा हिशेब पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतो, दार बंद होत नाही.

घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना आहे, पिणारा जायला तयार नसला तरी त्यांनी जावं. आणि नवऱ्याच्या आमटीत गुपचूप दारूबंदीची गोळी घालण्याचा मोह आवरा. ही गोळी, म्हणजे डायसल्फिरॅम, पोटात असताना माणूस प्याला तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. त्याला काहीच माहीत नसतं, म्हणून तो पितच राहतो.