इंग्लंडमधील कौन्सिलसमोर मदतकपात आणि हिरव्या जागेचा प्रश्न कसा मांडावा

इंग्लंडमधल्या कौन्सिलांच्या, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, अर्थसंकल्पी चर्चेत दोन विषय अनेकदा एकमेकांसमोर उभे केले जातात: गरजू कुटुंबांना मिळणारी मदत आणि वस्तीतली मैदाने-उद्याने. मैदान विकले नाही तर मदतीत कपात करावी लागेल, असे सांगितले की रहिवाशांमध्येच फूट पडते. हा युक्तिवाद बहुतेक वेळा हिशेबाच्या पातळीवरच टिकत नाही, आणि तो कसा तपासायचा हे प्रत्येक रहिवाशाला ठाऊक असणे मला फार महत्त्वाचे वाटते. भारतीय नागरिकांनीही यापासून दूर राहू नये. राष्ट्रकुलातील देशाचे नागरिक या नात्याने, ब्रिटनमध्ये वैध वास्तव्याची परवानगी असलेल्या प्रौढ भारतीयांना स्थानिक निवडणुकीत मतदार म्हणून नाव नोंदवता येते. आणि कौन्सिलरला पत्र लिहिण्यासाठी तर त्या नोंदणीचीही गरज नाही.

सर्वप्रथम, निर्णय नेमका कोणाच्या हातात आहे ते शोधावे. युनिव्हर्सल क्रेडिटचे (कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचे) दर किंवा निवृत्तांचे लाभ केंद्र सरकार ठरवते. त्यांविषयी कौन्सिल फार तर ठराव करून मंत्र्यांना पत्र पाठवू शकते. अशा ठरावाला राजकीय वजन असते, परंतु त्यामुळे कोणाच्या खात्यात एक पेनीही वाढत नाही. कौन्सिल टॅक्स म्हणजे घरांवरचा स्थानिक कर; त्यातील सवलतीचे तसे नाही. 1 एप्रिल 2013 रोजी राष्ट्रीय कौन्सिल टॅक्स बेनिफिट बंद झाला आणि निवृत्तिवयाखालील रहिवाशांना किती सवलत द्यायची हे प्रत्येक कौन्सिलने आपापल्या योजनेत ठरवायचे, अशी व्यवस्था आली; निवृत्तांसाठीचे नियम मात्र देशभर समान राहिले. घरभाड्यासाठीची ऐच्छिक मदतही कौन्सिलच देते. जिथे काउंटी (मोठ्या भागाची कौन्सिल) आणि डिस्ट्रिक्ट (त्यातल्या लहान भागाची कौन्सिल) असे दोन स्तर आहेत, तिथे कौन्सिल टॅक्सची सवलत आणि बहुतेक नियोजन परवानग्या डिस्ट्रिक्टकडे, तर वृद्धांची व अपंगांची सामाजिक देखभाल काउंटीकडे असते, आणि उद्यान कदाचित टाउन कौन्सिलच्या, म्हणजे गावापुरत्या सर्वांत खालच्या स्तरावरील कौन्सिलच्या, मालकीचे निघते. चुकीच्या सभागृहात केलेले उत्तम भाषणही वाया जाते.

पुढच्या आर्थिक वर्षाची सवलत योजना 11 मार्चपर्यंत ठरवावी लागते. म्हणून योजना बदलायची असेल तर जनतेचे मत त्याच्या काही महिने आधी मागवले जाते, आणि खरी संधी तेव्हाच असते. त्या प्रश्नावलीत केवळ ‘कपात मान्य आहे का’ एवढेच विचारले आहे, की इतर पर्यायही दाखवले आहेत, हे बारकाईने पाहावे. लंडनमधील हॅरिंगे कौन्सिलने 2012 मध्ये अशीच योजना लोकांपुढे ठेवली, तेव्हा कर वाढवणे, राखीव निधी वापरणे किंवा इतर सेवांवरचा खर्च कमी करणे या पर्यायांचा विचार होऊन ते का नाकारले गेले, हे सांगितलेच नव्हते. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मतमागणी बेकायदेशीर ठरवली. योजना पुन्हा लोकांपुढे ठेवण्याचा आदेश मात्र न्यायालयाने दिला नाही, यावरून उशिरा मिळालेल्या न्यायाची मर्यादाही लक्षात येते. तेव्हा आपल्या उत्तरात कोणते पर्याय लपले आहेत ते मुदतीच्या आतच लेखी नोंदवावे, आणि 2010 च्या समानता कायद्यानुसार अपंग, स्त्रिया, अल्पसंख्याक यांच्यावरील परिणामांचा विचार झाल्याचे दाखवणारा अहवाल मागावा.

आता मैदान विकून मदत वाचवण्याच्या युक्तिवादाकडे वळू. कौन्सिलच्या हिशेबात भांडवली आणि महसुली असे दोन वेगळे कप्पे असतात. जमीन विकून आलेला पैसा भांडवली जमा ठरतो, आणि तो सर्वसाधारणपणे नवी मालमत्ता उभारण्यासाठी किंवा कर्ज फेडण्यासाठीच वापरता येतो. कौन्सिल टॅक्सची सवलत हा मात्र दरवर्षी पुन्हा येणारा महसुली भार आहे. 2016 पासून सेवांची फेररचना करून बचत साधणाऱ्या प्रकल्पांसाठी विक्रीचा पैसा वापरण्याची काही मुभा देण्यात आली आहे, आणि अडचणीतल्या कौन्सिलला सरकार विशेष परवानगी देऊ शकते. पण हे अपवाद आहेत. म्हणून सभेत एकच प्रश्न शांतपणे विचारावा: या विक्रीची रक्कम कोणत्या कप्प्यात जाणार आहे, आणि तिच्यातून ही मदत किती वर्षे चालेल? कर्ज फेडल्याने व्याज वाचते, असे उत्तर आले तर ते रास्त आहे, मग त्या वाचणाऱ्या व्याजाचा आकडा मागावा. प्रामाणिकपणे हेही मान्य केले पाहिजे की उद्यानांची देखभाल महसुली खर्चातूनच होते आणि ती कौन्सिलवर कायद्याने बंधनकारक नाही, तर सामाजिक देखभाल बंधनकारक आहे. त्यामुळे तंगीत पहिली कात्री उद्यानांना लागते. देखभालीचा वाद खरा आहे. विक्रीचा वाद त्याच्या आडून पुढे सरकवला जाऊ नये, एवढेच पाहायचे.

जागेच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचे काम कागदपत्रांचे आहे. जमीन कोणाच्या नावावर आहे हे लँड रजिस्ट्रीकडून (जमिनीच्या मालकीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून) थोड्या शुल्कात कळते. ती कौन्सिलने कधी आणि कोणत्या हेतूने घेतली हे जुन्या इतिवृत्तांत किंवा अभिलेखागारात सापडते. या श्रमाचे मोल श्रूजबरीच्या उदाहरणावरून समजते. तिथल्या ग्रीनफील्ड्स मैदानाचा एक तुकडा टाउन कौन्सिलने 2017 मध्ये बांधकाम व्यावसायिकाला विकला. कायद्याप्रमाणे मोकळी जागा विकण्यापूर्वी स्थानिक वृत्तपत्रात सलग दोन आठवडे नोटीस देऊन हरकतींचा विचार करावा लागतो. ते झालेच नव्हते. ती जमीन लोकांच्या विरंगुळ्यासाठी वैधानिक न्यासात, म्हणजे कायद्याने लोकांसाठी राखून ठेवलेली, होती आणि नोटिशीविना झालेल्या विक्रीने लोकांचा तो हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1 मार्च 2023 रोजी ठरवले आणि घरबांधणीची परवानगी रद्द केली. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी: नोटीस नियमाप्रमाणे निघाली आणि विक्री झाली, तर तो न्यास संपुष्टात येऊ शकतो. म्हणून स्थानिक वृत्तपत्रातील जाहीर सूचना कोणीतरी दर आठवड्याला वाचत राहिले पाहिजे.

दीर्घकालीन संरक्षणासाठी स्थानिक आराखडा (कौन्सिलचा विकास आराखडा) किंवा परिसर आराखडा (एका वस्तीपुरता आराखडा) बनत असताना ती जागा ‘लोकल ग्रीन स्पेस’ (संरक्षित स्थानिक हिरवी जागा) म्हणून नोंदवण्याची मागणी करावी. त्यासाठी जागा वस्तीजवळ असावी, लोकांच्या दृष्टीने तिचे विशेष महत्त्व दाखवता यावे आणि ती अफाट पसरलेली नसावी. ‘व्हिलेज ग्रीन’चा, म्हणजे रहिवाशांचा खेळण्या-फिरण्याचा हक्क असलेली जागा म्हणून नोंदणीचा, मार्गही आहे, पण तिथे परवानगीविना आणि उघडपणे 20 वर्षे झालेला वापर सिद्ध करावा लागतो, आणि कौन्सिलने मुळातच लोकांच्या खेळासाठी ठेवलेल्या जागेला तो सहसा लागू होत नाही.

सभेची विषयपत्रिका आणि अहवाल सर्वसाधारणपणे किमान पाच पूर्ण दिवस आधी खुले करावे लागतात. बोलण्याचे नियम प्रत्येक कौन्सिलचे निराळे असतात, बहुधा तीनच मिनिटे मिळतात आणि नाव आधी द्यावे लागते. मात्र मते बव्हंशी सभेपूर्वीच बनलेली असतात, म्हणून आपल्या वॉर्डातील कौन्सिलरला त्याआधी भेटून आकडे व कागद हाती द्यावेत. आधी मत व्यक्त केले म्हणून कौन्सिलरला मतदान करता येत नाही, ही समजूत चुकीची आहे. 2011 च्या लोकॅलिझम कायद्याने ते स्पष्ट केले आहे. निर्णय विरोधात गेला तर इतिवृत्ताची वाट पाहत बसू नये, कारण नियोजन परवानगीला न्यायालयात आव्हान देण्याची मुदत सहा आठवड्यांची आहे आणि इतर निर्णयांना तत्परतेने, अधिकाधिक तीन महिन्यांच्या आत आव्हान द्यावे लागते.