निक्कोच्या एदोमुराला जाताय? या चुका टाळा

तोक्योतल्या निशी-कसाईत राहत होतो तेव्हा भारतातून कुणी पाहुणे आले की एक दिवस तोक्योच्या उत्तरेकडच्या निक्कोसाठी ठेवायचो. सकाळी तोशोगू, म्हणजे तोकुगावा राजवटीचा संस्थापक इएयासू याचं समाधिमंदिर, आणि जेवणानंतर एदोमुरा, म्हणजे जुन्या एदो शहराच्या धर्तीवर उभारलेलं थीम पार्क. हा बेत आम्ही तीनदा केला आणि तिन्ही वेळा एदोमुरा धावतपळत उरकलं. चौथ्यांदा आईबाबा आले तेव्हा फक्त एदोमुरासाठी निघालो आणि दार उघडायच्या वेळेला तिथे हजर होतो. आधीच्या तीन पाहुण्यांना आपण काहीच दाखवलं नाही, हे त्या दिवशी उमगलं आणि मनापासून वाईट वाटलं.

एदो हे तोक्योचं जुनं नाव. १६०३ ते १८६८ या तोकुगावा राजवटीत ते सत्तेचं केंद्र होतं आणि अठराव्या शतकात तिथली वस्ती दहा लाखांच्या घरात होती. १६५७ ची भीषण आग, १९२३ चा भूकंप आणि १९४५ ची बाँबफेक यांत त्या शहराचं जुनं रूप जवळजवळ पुसलं गेलं. तोचिगी प्रांतातल्या किनुगावाजवळ, डोंगराच्या कुशीत, १९८६ मध्ये ते रूप नव्याने उभारलं ते एदोमुरा. मुरा म्हणजे गाव. आत शिरल्यावर आधी झाडीतून जाणारा प्रवासी रस्ता लागतो, मग वाटेवरचं मुक्कामाचं गाव, पुढे व्यापारी पेठ, सामुराईचा वाडा आणि निंजांची वस्ती. आकाशपाळणे नाहीत, रोलर कोस्टर नाही. मुलांना हे घरूनच सांगून न्या. थीम पार्क म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र असतं.

तोशोगू आणि एदोमुरा एका दिवसात

सर्वांत जास्त लोक इथे फसतात. पत्त्यात निक्को आहे म्हणून दोन्ही जागा शेजारी असतील असं वाटतं. प्रत्यक्षात तोबू कंपनीच्या रेल्वेला शिमो-इमाइची स्टेशनात दोन फाटे फुटतात. एक तोबू-निक्कोला, म्हणजे तोशोगूकडे जातो, दुसरा किनुगावा-ओन्सेनला. एदोमुरासाठी दुसरा फाटा, आणि किनुगावा-ओन्सेन स्टेशनातून पुढे साधारण वीस मिनिटं बस. तोक्योतल्या असाकुसाहून जलद गाडीने किनुगावाला पोचायला दोनेक तास लागतात. दोन्ही ठिकाणं एका दिवसात कोंबली तर दिवस स्टेशनांवरच सरतो.

असाकुसाहून सुटणाऱ्या जलद गाड्यांची नावं नीट वाचा. 'केगोन' तोबू-निक्कोला जाते, 'किनू' किनुगावाला. स्पेशिया एक्स दोन्हीकडे धावते, म्हणून तिच्या तिकिटावर शेवटचं स्टेशन पाहूनच बसा. चुकून तोबू-निक्कोला उतरलात तर घाबरायचं कारण नाही. उलट गाडीने शिमो-इमाइचीला या आणि तिथे किनुगावाची गाडी पकडा.

पासचा घोळ वेगळाच. भारतातून येणारे पाहुणे देशभर चालणारा जेआर (जपान रेल्वे) पास काढून येतात आणि शिंजुकूहून किनुगावाला जाणाऱ्या थेट गाडीत निर्धास्त बसतात. या गाडीचा पुढचा प्रवास तोबूच्या रुळांवरून होतो आणि तेवढ्या भागाला तो पास चालत नाही. या थेट गाड्यांना चालतो तो जेआर तोक्यो वाइड पास.

वार आणि वेळ न पाहणं

एदोमुरा एरवी बुधवारी बंद असतं आणि डिसेंबरात देखभालीसाठीही काही दिवस बंद ठेवतात. हिवाळ्यात उशिरा उघडतं आणि चार वाजताच बंद होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावरचं महिन्याचं वेळापत्रक पाहायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पोचल्यावर बंद दार दिसलंच, तर किनुगावातच तोबू वर्ल्ड स्क्वेअर आहे. तिथे जगभरातल्या वास्तूंच्या एक पंचविसांश आकाराच्या प्रतिकृती आहेत, ताजमहालही आहे. उन्हाळ्यात नदीतून होडीची सफरही करता येते.

आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे त्या दिवसाच्या खेळांच्या वेळांचा कागद हातात घेणं. निंजांची लढाई, ओइरानचा प्रवेश, पाण्याच्या कारंज्यांची जुनी कला, रस्त्यावरचे छोटे खेळ असं बरंच काही वेगवेगळ्या नाट्यगृहांत दिवसभर चालू असतं. प्रवेशाचं तिकीट हलकं नाही, पण बहुतेक खेळ त्यातच येतात. शुरिकेन, म्हणजे निंजांची धारदार चकती, फेकणं किंवा पोशाख भाड्याने घेणं याचे पैसे वेगळे. कागद हाती आला की दोन-तीन खेळांवर खूण करा आणि बाकीचा वेळ मोकळा ठेवा. जपानी येत नसेल तर निंजांचा खेळ आधी घ्या. त्यात शब्द थोडे, तलवारी आणि उड्या जास्त. संवादांवर चालणारी विनोदी नाटकं भाषा न कळणाऱ्याला जड जातात. तरी माझ्या आईला त्यातलंच एक सगळ्यांत आवडलं, कारण शेजारी बसलेली जपानी आजी हसून लोटपोट होत होती.

नाट्यगृहात

खेळ चालू असताना फोटो काढायची बहुतेक ठिकाणी मनाई असते. एकाने मोबाइल वर केला की मागच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उजेड येतो. फोन पिशवीत टाका आणि सुटी नाणी बाहेर काढा, कारण इथे 'ओहिनेरी'ची रीत आहे. नाणं कागदात गुंडाळायचं, कागदाला पीळ द्यायचा आणि खेळ आवडला की रंगमंचावर टाकायचं. कागद गुंडाळायचा तो नाणं उसळून कुणाला लागू नये, घरंगळू नये म्हणून. लावणीच्या फडात दौलतजादा पाहिलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बाबांनी पहिली पुडी टाकली तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता. खिशात नाणी नसल्यामुळे अनेक पाहुणे नुसते बघत बसतात. तसं होऊ देऊ नका.

ओइरानबद्दल मात्र थोडं आधी समजून जा. भरजरी किमोनो, केसांत डझनभर काटे आणि तीन दातांच्या उंच काळ्या खडावा घालून पाऊल अर्धवर्तुळात फिरवत ती चालत येते, तेव्हा सगळे तिला गेइशा म्हणतात. ती गेइशा नव्हे. गेइशा ही गाणं-वाजवणं करणारी कलावंत, तिच्या ओबीची, म्हणजे किमोनोवरच्या कमरपट्ट्याची, गाठ पाठीमागे. ओइरान म्हणजे एदोतल्या योशिवारा या सरकारमान्य वेश्यावस्तीतली वरच्या दर्जाची स्त्री, तिची गाठ पुढे. तिथल्या बहुतेक मुली घरच्या कर्जापायी लहानपणीच विकल्या गेलेल्या असत. मिरवणूक सुंदर असते आणि ती जरूर पाहावी, पण नातीला 'बघ, राणी चालली' असं सांगू नये. नात मोठी असेल तर खरं सांगावं.

पोशाख न घेणं, किंवा घेऊन नुसते फोटो काढणं

प्रवेशाजवळ पोशाख भाड्याने मिळतात: सामुराई, पेठेतली मुलगी, निंजा, राजकन्या. वेळ आणि पैसे वाचवण्यासाठी आम्ही पहिल्या तीन खेपांना ते टाळलं. पुढे अनुभवाने कळलं की या गावाचं खरं दार तेच आहे. इथले दुकानदार, पहारेकरी, रस्त्यावरचे फिरस्ते दिवसभर आपापल्या भूमिकेत वावरतात, आणि तुम्ही पोशाखात असलात की तुमच्याशीही तसेच बोलतात. तोडकंमोडकं जपानी असलं तरी उत्तर द्या. वाकून नमस्कार केला तरी पुरतं. पोशाख सकाळीच घ्या. दुपारी घेऊन काय उपयोग?

सामुराई झालात तर तलवारी डाव्या कमरेला असतात. गर्दीत त्यांची मागची टोकं इतरांना लागतात. एदोत म्यानावर म्यान आपटणं हा अपमान समजला जाई आणि त्यावरून भांडणं पेटत. लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ती टोकं येतात म्हणून हात ठेवून चाला.

पोशाख चढवायला तिथले लोक मदत करतात. चूक होते ती रात्री, किनुगावाच्या गरम झऱ्यांच्या मुक्कामी, खोलीत ठेवलेला युकाता, म्हणजे साधा सुती किमोनो, स्वतः घालताना. डावा पदर नेहमी उजव्यावर आला पाहिजे. उजवा वर आला की तो मृताचा पेहराव होतो. जेवणघरात कुणी काही बोलणार नाही, पण सगळ्यांच्या ते लक्षात येईल.

शाकाहारी मंडळींचं जेवण

सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, वरून हिरवी पात, मांस कुठेच नाही, म्हणून निश्चिंत होऊ नका. सोबाबरोबरच्या रश्शात आणि बुडवायच्या सॉसमध्ये बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो. त्याला दाशी म्हणतात. 'मांस आहे का' असं विचारलं तर 'नाही' असंच उत्तर येतं, आणि ते खोटंही नसतं. 'काट्सुओ-दाशी आहे का' असं विचारा. कडक शाकाहारी असाल तर भाजलेल्या दांगोवर, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या गोळ्यांवर भागवता येतं, तेही त्यावरचा लेप विचारून. निक्कोची खासियत असलेली युबा, म्हणजे सोयाच्या दुधावरची साय, तीही अनेकदा दाशीतच शिजवतात. आम्ही सरळ धपाटे आणि लसणीची चटणी घेऊन निघतो आणि गाडीतच पोटभर खातो.

गुडघे, बूट आणि चिखल

काही ठिकाणी बूट काढून तातामीवर, म्हणजे जाड गवती चटईवर, मांडी घालून बसावं लागतं. गुडघ्यांचा त्रास असेल तर लवकर जाऊन मागची किंवा भिंतीकडची जागा धरा. लेस नसलेले, चटकन निघणारे बूट आणि न फाटलेले मोजे घाला. रस्ते बरेचसे मातीचे आहेत, पावसात चिखल होतो आणि बाबागाडीची चाकं रुततात. जानेवारीत पारा शून्याखाली जातो, तेव्हा किमोनोच्या आत घालायला गरम कपडे हवेतच. निंजांच्या वस्तीतल्या तिरक्या घरात जमीन एकीकडे आणि डोळे दुसरीकडे ओढतात. चक्कर येणाऱ्यांनी ते टाळावं.

साध्या घरांकडे पाठ फिरवणं

लोक निंजा आणि सामुराई पाहून परततात. पण एदोतली बहुसंख्य माणसं कारागीर, फेरीवाले, मजूर होती आणि ती 'नागाया'त राहत. नागाया म्हणजे एका ओळीत, भिंतीला भिंत लागून असलेल्या खोल्या. नेहमीची खोली नऊ शाकु रुंद आणि दोन केन खोल. एक शाकु जवळजवळ एक फूट आणि दोन केन म्हणजे बारा शाकु. त्यातच दाराशी चूल मांडायची मातीची जागा, उरलेल्या साडेचार चटयांवर सगळं कुटुंब. विहीर सामाईक, संडास सामाईक. संडासातला मैला शेतकरी खतासाठी विकत नेत आणि तो पैसा बहुधा चाळ सांभाळणाऱ्याच्या खिशात जाई. चाळ हा शब्द इथे आपोआपच येतो.

गावात सामान्य माणसांच्या या जगण्याचं एक छोटं प्रदर्शनही आहे. तिथे गर्दी नसते. बाबा तिथे बराच वेळ उभे होते. आम्ही निंजांच्या पुढच्या खेळासाठी घाई करत होतो, तर ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." नंतर बसमध्ये त्यांनी हिशेब सांगितला: नऊ बाय बारा. गिरगावातली त्यांची खोली दहा बाय बाराची होती, आणि माणसं आठ.