भिंत उभी राहण्याआधीची तयारी: भेगा नकोत तर

पायाचा खड्डा स्वतः उतरून बघा. पुणे परिसरात मांजरी-थेऊरकडे काळी माती लागली तर पाया तिच्यावर टेकवू नका; पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंत तिरकी चिरते. कोथरूड-वारज्याकडे टेकडीच्या उतारावर प्लॉट असेल तर वेगळी काळजी: अर्धा पाया कातळावर आणि अर्धा भरावावर पडत नाही ना? दोन्हीकडे निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा, मुकादमाचा नव्हे.

पाण्याची सोय सिमेंटच्या आधी. टँकरवर भिस्त असेल तर तो आताच ठरवा. वीटकामाला किमान सात दिवस पाणी मारायचंय आणि एप्रिल-मेच्या उन्हात गोणपाटही लागेल. लाल विटा भिजवायला हौद हवा, बुडबुडे थांबेपर्यंत. एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) मात्र बुडवायचे नाहीत, नुसतं शिंपडायचं.

मसाल्याचं (सिमेंट : वाळू) प्रमाण लिहून ठेवा: नऊ इंची भिंतीला १:६, साडेचार इंचीला १:४. ‘थोडं सिमेंट जास्त टाकू’ म्हणणाऱ्या गवंड्याला तिथेच थांबवा. जादा सिमेंटचा मसाला जास्त आकसतो. साडेचार इंची भिंतीत मीटरभर उंचीवर सळया टाकून काँक्रीटचा पट्टा घ्या. दिवसाला दीड मीटरच्या वर बांधकाम नको.

खरी घाई होते ती बीमखाली. स्लॅबचे टेकू काढल्यावर वरचा बीम थोडा वाकतो, खाली ताजी भिंत आकसत असते. तेव्हाच शेवटचा थर ठोकून बसवला तर भिंतीवर भार येतो आणि ती तडकते. म्हणून टेकू निघाल्यावरच आतल्या भिंती सुरू करा, जमलं तर वरच्या मजल्यावरून खाली या. बीमखालची फट काही दिवस मोकळी ठेवून मग भरा. वेळापत्रकात हे दिवस आधीच धरा, नाहीतर ताबा देण्याच्या घाईत सगळ्यात आधी तेच कापले जातात.

कॉलम आणि वीटकामाच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाईल इतकी जाळी मागवून ठेवा. ती प्लास्टरच्या आधी ठोकायची असते. इलेक्ट्रिशियनला त्याच्याही आधी बोलवा आणि कटर घेऊनच यायला सांगा. वायरसाठी छिन्नी-हातोड्याने फोडलेली झिरी (भिंतीतली खाच) पुढे भेग होऊन वर येते. आडव्या झिऱ्यांना साफ नकार द्या, कितीही वायर वाचत असली तरी.