चिठ्ठ्यांचा डबा आधी, फळा नंतर

सोलापुरातल्या शाळांत किशोरवयीन मुलांना आरोग्य शिकवायला लागले, तेव्हा पहिल्या तासाला मी फळ्यावर आकृत्या काढून चाळीस मिनिटं बोलले. शेवटी विचारलं, "काही शंका?" सगळ्यांच्या माना खाली. नवीन येणाऱ्यांनी हे टाळावं म्हणून लिहिते आहे.

आता मी आधी चिठ्ठ्या घेते. सगळ्यांना सारखाच कागद, नाव नाही, भाषा मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, कुठलीही. प्रत्येकानं काहीतरी लिहायचंच. प्रश्न नसेल तर आवडती भाजी लिहा म्हणते. नाहीतर लिहिणारा एकटा पडतो आणि वर्गात ओळखू येतो. चिठ्ठ्या वर्गशिक्षकांच्या हातात देऊ नका, त्यांना अक्षरं ओळखू येतात.

एकदा आठवीतल्या मुलाची चिठ्ठी निघाली: "छातीत गाठ आलीय, दुखते. मी मुलगी होणार का?" वयात येताना संप्रेरकं वरखाली होतात, त्यामुळे पुष्कळ मुलांना असं होतं आणि बहुतेकांचं वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातं. वाढतच राहिली तर डॉक्टरांना दाखवायचं. हे मी सगळ्या वर्गाला सांगितलं. त्या पोरानं ती भीती किती दिवस पोटात ठेवली असेल, हा विचार अजून जात नाही.

तंबाखूचा तास आपल्याकडे सगळ्यात अवघड. शहराच्या पूर्व भागात, विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत कितीतरी जणींच्या आया विड्या वळतात, शाळेतून आल्यावर मुलीही सूप पुढ्यात ओढतात. तिथं 'तंबाखू वाईट' एवढंच म्हटलं, तर मुलीला ते आईबद्दल बोलल्यासारखं लागतं. मी आधी आईच्या कष्टाबद्दल बोलते. मग सांगते: निकोटिन कातडीतूनही अंगात जातं, म्हणून जेवणाआधी हात साबणानं धुवा, तंबाखूचं सूप पाळण्यापासून लांब ठेवा. हे मुली घरी जाऊन खरंच सांगतात.

शाळेत दर आठवड्याला देतात ती निळी गोळी (६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड) उपाशीपोटी दिली की मळमळतं आणि पुढच्या आठवड्यात वर्गातले अर्धेजण ती खिशात घालतात. खिचडीनंतरच द्या, त्यावर लगेच चहा नको. शी काळी होईल, घाबरायचं नाही, हे आधीच सांगा.

आणि एक गोष्ट पक्की ठेवा. "कुणालाच सांगणार नाही" असा शब्द मुलांना कधीही देऊ नका. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ते कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. मी पहिल्याच तासाला म्हणते, "तुमचं बोलणं माझ्यापाशी राहील. पण कुणी तुम्हाला त्रास देत असेल तर मी मदत आणेन, आणि कुणाला सांगतेय ते आधी तुम्हाला सांगेन." फळ्याच्या कोपऱ्यात १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक लिहिते आणि तास संपला तरी पुसत नाही.