वागण्याबोलण्याचे इंग्रजी वाक्प्रचार ग्रीकमध्ये नेताना

इंग्रजी 'बिहेव युअरसेल्फ' ग्रीक आईच्या तोंडी 'कात्से फ्रोनिमा' होतं, म्हणजे शब्दशः 'शहाण्यासारखा बस'. पोरगं घरभर धावत असलं तरी 'बस'च. म्हणून इंग्रजी वाक्प्रचार समोर आला की आधी माणूस नेमका काय करतोय ते साध्या मराठीत एका ओळीत लिहावं आणि त्या कृतीला ग्रीक लोक काय म्हणतात ते मग शोधावं. इंग्रजी शब्द धरून शोधायला गेलात तर फसण्याची शक्यता जास्त.

सगळ्यात जास्त फसवतात ते इंग्रजीतले ग्रीक वंशाचे शब्द. 'सिकोफंट' म्हणजे इंग्रजीत लाळघोट्या. आजच्या ग्रीकमध्ये 'सिकोफान्दिस' म्हणजे खोटेनाटे आरोप करून बदनामी करणारा. प्राचीन अथेन्समध्ये लोकांवर खोडसाळ खटले भरणाऱ्यांना हे नाव होतं, आणि ग्रीकने तो अर्थ बराचसा जपला आहे. लाळघोट्यासाठी बोलीतला शब्द 'ग्लीफ्तिस', म्हणजे चाटणारा. चाटूगिरी म्हणणाऱ्याला तो समजावून सांगायला नको. चारचौघांत जरा सभ्य हवा असेल तर 'कोलाकास'.

'एम्पथी'चं प्रकरण याहून नाजूक. 'एम्बाथिया' म्हणजे मनातला आकस, द्वेषबुद्धी. नोकरीच्या मुलाखतीत 'माझ्याकडे एम्बाथिया आहे' म्हणालात तर समोरचा सावध होईल. हवा असलेला शब्द 'एन्सिनेस्थिसि'. 'सिम्बाथितिकोस' म्हणजे सहानुभूती दाखवणारा नव्हे, नुसता छान, आवडण्याजोगा माणूस. 'पाथितिकोस' म्हणजे निष्क्रिय. 'पथेटिक'मधली कीव त्यात नाही. 'आपोलोयिया' म्हणजे आरोपीने स्वतःच्या बचावासाठी केलेलं निवेदन. माफी मागायची असेल तर 'झितो सिग्नोमि', घाईत नुसतं 'सिग्नोमि'.

आता सोंग घेणाऱ्यांकडे वळू. इथे ग्रीक फार श्रीमंत आहे आणि व्याकरणही इथेच अडवतं. पहिला साचा 'कानो' ('मी करतो') या क्रियापदाचा: 'कानि तोन एक्सिप्नो', तो शहाणपणा मिरवतोय. बाईबद्दल बोलताना 'कानि तिन एक्सिप्नि' ('तोन' हे पुल्लिंगी उपपद, 'तिन' स्त्रीलिंगी). दुसरा साचा 'तो पेझो'चा: 'तो पेझि एक्सिप्नोस'. अर्थ जवळपास तोच, पण इथे विशेषण प्रथमेत राहतं, शेवटचा 'स' टिकतो आणि आधी 'तोन' लागत नाही. दोन्ही साचे एकत्र करून 'तो पेझि तोन एक्सिप्नो' म्हणणं ही शिकणाऱ्यांची ठरलेली चूक.

'प्ले डम्ब'ला ग्रीक माणूस 'बदक करतो' म्हणतो: 'कानि तिन पाप्या'. ऐकताना ते 'तिम्बाप्या' असं येतं, कारण 'न'पुढे 'प' आला की बोलण्यात त्याचा 'म्ब' होतो. ही नेमकी आपली 'वेड पांघरून पेडगावला जाणे'ची जागा. सगळं ठाऊक असून माणूस ठाऊक नसल्यासारखा वागतो. बदक स्त्रीलिंगी आहे आणि तसंच राहतं. सोंग घेणारा पुरुष असला तरी 'तोन' होत नाही.

'टर्न अ ब्लाइंड आय'साठी 'कानि ता स्त्रावा मात्या', म्हणजे डोळे वाकडे करणे. हा आपला कानाडोळा. तो आणि बदक यांची गल्लत करू नका. खरंतर कारवाई करायला हवी असा माणूस जेव्हा दुसऱ्याचं चुकणं न पाहिल्यासारखं करतो, तेव्हा वाकडे डोळे. स्वतःवर काही येऊ नये म्हणून अंग चोरतो, तेव्हा बदक. चुकीच्या पार्किंगकडे दुर्लक्ष करणारा पोलीस वाकडे डोळे करतो. 'गाडी कुणाची?' असं विचारल्यावर आकाशाकडे बघणारा मालक बदक होतो.

प्राण्यांबाबत मराठी मनाला एक सवय मोडावी लागते. आपलं गाढव मूर्ख असतं, इंग्रजीतलंही. ग्रीक 'गायदारोस' मात्र उद्धट आणि बेपर्वा असतो. रांगेत मधेच घुसणं, फुटपाथवर गाडी चढवणं, ज्येष्ठांना जागा न देणं ही सगळी 'गायदुर्या'. कुणी चुकीचं बटण दाबलं म्हणून त्याला गायदारोस म्हणालात तर मूर्खपणाऐवजी असभ्यपणाचा ठपका ठेवलात, आणि तो माणूस दुखावणार.

काही ठिकाणी मात्र मराठी माणसाला आयतं मिळतं. इंग्रजी आगीत 'फ्युएल' घालते; आपण तेल ओततो, ग्रीकही तेलच: 'रिह्नि लादि स्ति फोत्या'. नाक खुपसणे म्हणजे 'होनि ति मिति'. तोंड फुगवून बसणाऱ्याबद्दल 'क्रातायि मुत्रा', तोंड धरून बसलाय. राईचा पर्वत मात्र तिथे केसाचा दोरखंड होतो: 'कानि तिन त्रिहा त्रिह्या'.

'कॉल अ स्पेड अ स्पेड' म्हणजे आडपडदा न ठेवता बोलणे. याची गंमत म्हणजे तो फावडा मुळात फावडा नव्हताच. ग्रीक म्हण आहे 'अंजिराला अंजीर आणि स्काफिला स्काफि म्हणणे'. स्काफि म्हणजे कपडे धुवायची किंवा कणीक मळायची परात-काठवटीसारखी वस्तू. १६ व्या शतकात इरास्मस या डच विद्वानाने लॅटिनमध्ये आणताना तिचं खोदायचं अवजार केलं आणि इंग्रजीने तेच उचललं. तेव्हा ग्रीकमध्ये फावडा शोधत बसू नका. 'लेइ ता सिका सिका के ति स्काफि स्काफि' म्हणा.

ग्रीकमध्ये 'करणे'सारखं मूळ रूप नाही. कोशात क्रियापद 'मी करतो' या रूपात मिळतं, म्हणून 'वागणे' शोधताना 'सिम्बेरिफेरोमे', अर्थात 'मी वागतो', हेच पाहावं लागतं. थेसालोनिकीच्या त्रिआन्दाफिलिदिस संस्थेचा १९९८ चा कोश इंटरनेटवर फुकट आहे. नोंदीत वाक्प्रचार 'फि' आणि 'रो' या दोन मोठ्या अक्षरांच्या खुणेनंतर येतात. तिथल्या कंसातल्या संक्षिप्त खुणा वगळू नका: शब्द घरगुती आहे, ग्रंथिक आहे की हिणवणारा, ते त्यांवरूनच कळतं. वाक्प्रचार सापडला की तो भूतकाळी तृतीयपुरुषी रूपात, अवतरणचिन्हांत घालून, ग्रीक बातम्यांमध्ये शोधा. 'एकाने तिन पाप्या' असा. फक्त शिकणाऱ्यांच्या याद्यांमध्येच आढळला तर सोडून द्या.

वहीत मूळ ग्रीक लिपीच ठेवा. एकाहून अधिक अक्षरांच्या शब्दावर आघाताची खूण असते (१९८२ पासून एकच साधी खूण), आणि देवनागरीत ती हरवते. 'पोते'मध्ये आघात पहिल्यावर दिला तर 'केव्हा', दुसऱ्यावर दिला तर 'कधीच नाही'.

'आपलं नाक' हे मराठीत कुणालाही चालतं, ग्रीकमध्ये नाही: माझं असेल तर 'मिति मु', तुझं 'सु', त्याचं 'तु', तिचं 'तिस'. मराठी माणसाकडून इथे हमखास विसर पडतो. उलट तू आणि तुम्ही हा फरक आपल्याला शिकावा लागत नाही, 'एसि' आणि 'एसिस' तसेच चालतात. मित्राला 'कात्से स्ताव्गा सु', म्हणजे तुझ्या अंड्यांवर बस, नसत्या भानगडीत पडू नकोस, असं खुशाल म्हणा. वरिष्ठांना हे अनेकवचनात घालूनही चालत नाही, वाक्प्रचारच सलगीचा आहे. तिथे 'सास पाराकालो, प्रोसेक्स्ते पोस मिलाते' पुरे: कृपया, जरा जपून बोला.

राग अनावर होण्यासाठी 'तुर्क झाला' आणि न कळल्याचं सोंग घेण्यासाठी 'चिनी होणे' हे प्रयोग कानावर येतील. ओळखा, पण वापरू नका. परक्याच्या तोंडी तर ते अधिकच खटकतात. संतापासाठी 'एयिने एक्सालोस', बाई असेल तर 'एक्सालि', किंवा 'व्यिके आपो ता रुहा तु': तो आपल्या कपड्यांतून बाहेर पडला.