१४ बाय १० च्या हॉलमध्ये संगीत, सिनेमा आणि गेमिंगसाठी ध्वनियंत्रणा कशी बसवावी

स्पीकर विकणाऱ्याने आपला हॉल पाहिलेला नसतो, त्यामुळे तो वॅटबद्दल बोलत राहतो. आपण मात्र आधी टेप घेऊन हॉल मोजावा. माझा हॉल १४ फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. पुढचे आकडे त्याचेच आहेत.

तिन्ही कामे एकाच यंत्रणेवर हवी असतील, तर दोन चांगले बुकशेल्फ स्पीकर, एक सब-वूफर (फक्त खालच्या सुरांचा, म्हणजे बेसचा स्पीकर) आणि ५.१ चा रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एक सब-वूफर जोडता येणारा ॲम्प्लिफायर) एवढ्यावरच सुरुवात करावी. त्याच पैशांत मिळणारा पाच छोट्या स्पीकरांचा संच सिनेमात चार दिवस मजा आणतो, पण गाणे लावले की गायक डब्यात तोंड घालून गातो आहे असे वाटते. सेंटर, म्हणजे पुढचा मधला, आणि मागचे दोन स्पीकर सवडीने जोडता येतात.

स्पीकरची १६ गेजची तार पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळते. कुठेही घेतली तरी टोक खरवडून पाहावे आणि आत पांढरे ॲल्युमिनियम दिसले तर घेऊ नये. टीव्हीच्या ईएआरसी लिहिलेल्या पोर्टातून रिसीव्हरला एचडीएमआय केबल जोडावी. दोन स्पीकर आणि आपले डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर (स्पीकरमधला वरच्या सुरांचा छोटा भाग) कानाच्या उंचीवर यावा.

सब-वूफरने मात्र माझे सहा महिने खाल्ले. जोडणीला आलेल्या माणसाने तो टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ठेवला आणि "कोपऱ्यात बेस दणदणीत येतो" असे सांगितले, जे खरेच होते. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला होता. पखवाज असो, बेस गिटार असो की सिनेमातला स्फोट असो, सगळे एकाच सुरात घुमत असे आणि शोकेसमधले कप किणकिणत असत. आवाज कमी केला तर बेस नाहीसा होई, वाढवला तर खालच्या मजल्यावरचे काका येऊन बेल वाजवत. मी आधी सब-वूफरला दोष दिला, मग रिसीव्हरला, आणि शेवटी महागडी केबल आणली, ज्याची आजही लाज वाटते.

दोष खोलीचा होता. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर आहे, आणि समोरासमोरच्या भिंतींमधले अंतर ज्या लहरीच्या निम्म्या लांबीएवढे भरते, ती लहर त्या भिंतींमध्ये अडकून घुमते. १४ फुटांसाठी ती ४० हर्ट्झची येते, १० फुटांसाठी ५६ हर्ट्झची. तिचा जोर भिंतींपाशी सर्वाधिक असतो आणि बरोबर मध्यावर ती जवळजवळ ऐकूच येत नाही. कोपऱ्यातला सब-वूफर या दोन्ही लहरी पूर्ण ताकदीने जाग्या करतो, आणि भिंतीला टेकून बसलेल्याच्या कानांवर ते घुमणे पुरेपूर आदळते. सोफा खोलीच्या मध्यावर आणावा, तर तिथे ४० हर्ट्झ गायब. ही पोकळी इक्वलायझरने भरायला जाऊ नये, कारण जितकी ताकद ओतावी तितकी भिंतीवरून परतणारी लहर ती खोडून काढते आणि ॲम्प्लिफायर उगाच तापतो.

उपाय फुकटचा आहे, फक्त तो करताना घरचे हसतात. सोफा भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढावा. मग सब-वूफर उचलून सोफ्यावर, आपण बसतो नेमक्या त्याच जागी, ठेवावा (त्यासाठी पाचेक मीटरची सिग्नल केबल लागते) आणि ३० पासून १०० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा चाचणी-स्वर बेताच्या आवाजात लावून, सब-वूफर मावू शकेल अशा प्रत्येक जागी रांगत जाऊन, कान जमिनीजवळ नेऊन ऐकावे. जिथे सगळे सूर सारख्या जोराने ऐकू येतात ती त्याची जागा. जिथे सर्वांत दणदणीत वाटते ती जागा मुळीच निवडू नये. मी पहिल्या खेपेला तीच निवडली आणि पुन्हा कोपऱ्यात पोहोचलो. दुसऱ्या खेपेला जागा निघाली ती लांब भिंतीच्या मध्याच्या किंचित अलीकडे, आईच्या शिलाई मशीनखाली. तिथून ४० हर्ट्झची लहर फारशी जागीच होत नाही. मशीन खिडकीपाशी गेले, आणि त्या संध्याकाळी पखवाजाचे बोल पहिल्यांदाच वेगवेगळे ऐकू आले.

त्यानंतर क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सब-वूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवावा, सब-वूफरवरचे फेजचे (त्याची लहर उलटवणारे) बटण ० आणि १८० या दोन्हींवर ऐकून जिथे बेस भरीव वाटेल तिथे सोडावे, आणि मगच रिसीव्हरच्या माइकने स्वयंचलित मोजणी करावी.

गेमिंगसाठी टीव्हीचा गेम मोड चालू करावा आणि ब्लूटूथ विसरावे. साध्या ब्लूटूथवर आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि ६० फ्रेमच्या गेममध्ये तेवढ्यात नऊ ते बारा फ्रेम सरकलेल्या असतात.

रात्री तारेचा हेडफोन वापरावा. सब-वूफरखाली जाड फोम घातल्याने आपल्या फरशीची थरथर कमी होते, पण खालचे सूर स्लॅबमधून जायचे ते जातातच. फोम घातल्यानंतरही काका दोनदा येऊन गेले आहेत.