दत्तक घेताय? जुन्या नियमांच्या भरवशावर या चुका करू नका

दत्तक घ्यायचं ठरलं की सल्ला देणारे ढिगाने भेटतात, पण बऱ्याच जणांची माहिती २०२२ च्या आधीची असते आणि फाईल नेमकी तिथेच अडकते.

सगळ्यात मोठा घोळ कोर्टाचा. पूर्वी दत्तकाचा आदेश कोर्टातून मिळायचा, पण बाल न्याय कायद्यातली २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली आणि हे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं, तरी लोक अजून आधी वकील शोधत बसतात. अहो, अर्ज दत्तक संस्थाच पुढे पाठवते. निकाल दोन महिन्यांत लागणं अपेक्षित आहे, आदेश पटला नाही तर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील. बदल झाला तेव्हा ज्यांच्या केसेस कोर्टात पेंडिंग होत्या त्यांना मात्र उगाच मनस्ताप झाला, शेवटी जानेवारी २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाने अंतरिम आदेश देऊन त्या केसेस कोर्टातच चालू ठेवायला सांगितलं.

दुसरी चूक वयाची, आणि ही जास्त महागात पडते. आधी चार वर्षांपर्यंतच्या बाळासाठी नवराबायकोच्या वयाची बेरीज ९० पर्यंत चालायची. आता दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ती ८५ च, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १००. एकट्या व्यक्तीला ४०, ४५, ५०. म्हणजे ४४ आणि ४३ वयाचं जोडपं तान्ह्या बाळाच्या यादीत बसतच नाही, आणि वय धरतात ते नोंदणीच्या दिवशीचं, त्यामुळे "बघू पुढच्या वर्षी" म्हणत बसलात तर तुमचंच नुकसान. आधीची दोन मुलं असतील तरी नियम बदललाय, साधारणपणे विशेष गरजा असलेलं किंवा सहसा कुणी दत्तक घेत नाही असं मूलच मिळू शकतं (नात्यातलं किंवा सावत्र मूल असेल तर गोष्ट वेगळी).

"ओळखीच्या हॉस्पिटलमधून होईल, स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊ" असं कुणी म्हणालं तर तिथून सरळ निघा. अनाथ, सोडून दिलेलं किंवा आईवडिलांनी सोपवलेलं मूल असं परस्पर घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आईने मूल सोपवल्यावरही तिला फेरविचाराला ६० दिवस असतात, त्याआधी ते मूल दत्तकासाठी मोकळं होतच नाही, मग कुणी कितीही घाई करो.

होम स्टडीला, म्हणजे सोशल वर्कर घरी येऊन तुमची परिस्थिती बघतो तेव्हा, घर चकाचक करायची गरज नाही, पण आजारपण, कर्ज, आधीचा घटस्फोट लपवू नका, सोशल वर्करला कळतंच. हा रिपोर्ट तीन वर्षं चालतो, ती तारीख लिहून ठेवा. आणि कारा या दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवरचा मोबाईल नंबर, ईमेल चालू ठेवा, कारण रेफरल (तुमच्यासाठी सुचवलेल्या मुलाची माहिती) आल्यावर मूल रिझर्व्ह करायला फक्त ४८ तास असतात, नंबर बदलला आणि पोर्टलवर जुनाच राहिला तर ते तास कुणी परत देत नाही.